वाघ पाहायला आलेल्यांना जेवू घालताना

चंद्रपूरहून ताडोब्याला निघालं की दुर्गापूर आणि ऊर्जानगर मागे टाकून रस्ता पद्मापूरमार्गे मोहर्लीच्या गेटकडे जातो. याच रस्त्याला लागून माझं हॉटेल आहे. एका अंगाला महाऔष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या, दुसऱ्या अंगाला साग आणि बांबूचं रान. वडील वीज केंद्रात टेक्निशियन होते, त्यामुळे माझं लहानपण वसाहतीच्या क्वार्टरमध्ये गेलं. नागपुरात हॉटेल मॅनेजमेंट केलं, मुंबईत मोठ्या हॉटेलांच्या किचनमध्ये काही वर्षं राबले आणि मग इथेच परतले. निवांत बसावं, एकेक पदार्थ वाढला जावा, वाढणाऱ्यानं त्याबद्दल दोन शब्द सांगावेत, अशा जेवणाचं हॉटेल मला काढायचं होतं. लोक त्याला ‘फाइन डाइन’ म्हणतात. ऊर्जानगरात हे कोण खाणार, असं तेव्हा घरच्यांनीही विचारलं होतं.

लोक खातात. सफारीहून परतलेले पुण्या-मुंबईचे पाहुणे खातात, परदेशी खातात आणि वसाहतीतली कुटुंबंही आवर्जून येतात. या सगळ्या काळात जे हाती लागलं ते क्रमांक घालून लिहिते आहे. चंद्रपूर-गडचिरोलीत असं काही करायचं मनात असलेली तरुण मुलं-मुली मला भेटतात, हे मुख्यतः त्यांच्यासाठी.

१. ताट इथल्याच मातीचं हवं

मुंबईत मी शिकले तेव्हा उंची जेवण म्हणजे परदेशातून आलेला मासा, परदेशी चीज, डब्यातून आलेली भाजी असं समीकरण होतं. चंद्रपुरात ते सामान आणायचं म्हटलं तर नागपूरहून बर्फात घालून आणावं लागतं, ते महाग पडतं आणि शिळंही होतं. पण खरं कारण वेगळं आहे. ताडोब्याला येणारा माणूस शेकडो कोस ओलांडून जे पाहायला येतो ते त्याच्या गावात नसतं म्हणून. मग जेवताना त्याच्यापुढे पनीर बटर मसाला का ठेवायचा? तो त्याच्या घराखालच्या हॉटेलात मिळतोच.

आम्ही पुडाची वडी ठेवली, आपली सांबारवडी. बेसनाच्या पातळ पारीत ताजा सांबार, खसखस, सुकं खोबरं आणि मसाला भरून तळलेली, सोबत कढी. बाहेरच्या पाहुण्यांना आधी सांगावं लागतं की विदर्भात सांबार म्हणजे कोथिंबीर. मग गोळाभात. बेसनाचे गोळे भाताबरोबर वाफवायचे आणि वरून लसूण-लाल मिरचीची कडकडीत फोडणी समोर उभं राहून घालायची. ही फोडणी मी किचनमध्ये घालू देत नाही. तिचा चर्र आवाज आणि वास टेबलावरच व्हायला हवा. पाटवडीचा रस्सा, जवसाची चटणी, अंबाडीची भाजी, मामा (माजी मालगुजारी) तलावातल्या मरळीचं कालवण, शेवटी कोहळ्याचं बोंड किंवा चारोळीची खीर. यातलं काहीही मी शोधून काढलेलं नाही. सगळं आपल्या आयांनी चुलीवर केलेलं आहे. माझं काम इतकंच की ते नेटकं, गरम, योग्य क्रमानं आणि मानानं पुढे यावं.

हे धाडस करताना मला दोन माणसांच्या कामाचा आधार वाटला. एक नागपूरचे विष्णू मनोहर. वऱ्हाडी जेवणाला त्यांनी ‘विष्णूजी की रसोई’च्या रूपानं नागपूरबाहेर हक्काची जागा मिळवून दिली. २०१७ मध्ये त्यांनी सलग पन्नास तासांहून अधिक स्वयंपाक करून दाखवला, तेव्हा आमच्या किचनमधली पोरं मोबाइलवर ते बघत होती. दुसरे फ्लॉइड कार्डोझ. मुंबईत जन्मलेला, गोव्याची मुळं असलेला हा माणूस. १९९८ साली न्यूयॉर्कमध्ये ‘तबला’ नावाच्या रेस्टॉरंटचं किचन त्यांनी हाती घेतलं आणि आपल्या मसाल्यांना तिथल्या उंची टेबलावर बसवलं. २०१५ मध्ये समीर सेठ आणि यश भानगे यांच्यासोबत मुंबईत लोअर परळला ‘द बॉम्बे कॅन्टीन’ उभं केलं. तिथे हंगामी भाज्या, इथलीच धान्यं, प्रांतोप्रांतीचे घरगुती पदार्थ. मुंबईच्या गिऱ्हाइकानं ते डोक्यावर घेतलं. मुंबईत चालतं म्हणजे इथे चालेलच असं नाही. पण उंची जेवणाला परदेशी माल लागतो हा समज तिथे मोडला, आणि तो मोडलेला पाहून मला बळ आलं.

२. तांदळाला त्याच्या माणसाचं नाव द्या

आमच्या मेन्यूकार्डावर भातासमोर एका शेतकऱ्याचं नाव छापलेलं आहे: दादाजी रामाजी खोब्रागडे. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे अल्पभूधारक शेतकरी. १९८३ च्या सुमारास पटेल-३ जातीच्या धानात त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या, पिवळसर दाण्यांच्या. त्या त्यांनी बाजूला काढल्या, जपल्या, पुढच्या हंगामांत वेगळ्या लावल्या, पुन्हा निवडल्या. त्यातून बारीक दाण्याचा, शिजल्यावर मऊ आणि चवदार असा जो तांदूळ तयार झाला तो एचएमटी. तेव्हा एचएमटीची घड्याळं लोकांच्या मनगटावर होती, तेच नाव धानाला चिकटलं. पुढे त्यांनी आणखीही वाण निवडले. ‘डीआरके’ हा त्यांतला एक, त्यांच्याच नावाच्या आद्याक्षरांचा. २०१० मध्ये ‘फोर्ब्स’नं ग्रामीण भारतातल्या उद्योजकांच्या यादीत त्यांना स्थान दिलं. देशभर त्यांचा तांदूळ शिजत होता, पण त्यातून मिळायला हवा होता तसा पैसा आणि आधार त्यांना लाभला नाही. ३ जून २०१८ ला ते गेले.

मला याचं वाईट वाटतं आणि ते वाटत राहिलं पाहिजे. फ्रान्समधल्या द्राक्षमळ्याचं नाव बाटलीवर असतं आणि वेटर ते अदबीनं वाचून दाखवतो. मग नागभीडच्या शेतकऱ्याचं नाव आमच्या वेटरनं का घेऊ नये? आमच्याकडे भात वाढताना मुलगा दोन वाक्यांत दादाजींची गोष्ट सांगतो. बरेच पाहुणे मग दुसऱ्यांदा भात मागतात. काही जण जाताना पाच किलो तांदूळ विकत नेतात, तो आम्ही थेट नागभीडकडच्या शेतकऱ्यांकडून आणतो. पॉलिश कमी केलेला घ्यायचा आणि नवा तांदूळ थोडा जुना होऊ द्यायचा. नवा भात चिकट होतो आणि गोळाभाताला मोकळं शीत लागतं.

३. गर्दीचा हंगाम आणि चवीचा हंगाम वेगळे असतात

ताडोब्याचा गाभा क्षेत्रातला फेरफटका १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असतो. बफरमध्ये काही सफारी चालू राहतात, पण पाहुणा ओसरतो. या रस्त्यावरची बरीच हॉटेलं त्या काळात माणसं कमी करतात. आणि नेमकं त्याच काळात रान सगळ्यात जास्त देतं.

पहिल्या पावसाबरोबर तरोट्याची कोवळी पानं येतात. मग सात्या, म्हणजे वारुळाजवळ उगवणारी अळिंबी. तिची चव ज्यानं घेतली त्याला बाजारातली पांढरी बटण मशरूम पुन्हा रुचत नाही. काटवलं येतात. धोप्याची पानं येतात. बांबूचे कोवळे कोंब, वास्ते, येतात. ते बारीक चिरायचे, उकळून पाणी फेकायचं, कडवटपणा गेला की चणाडाळ घालून परतायचे. उकळल्याशिवाय वास्ते खाऊ नयेत, त्यात विषारी अंश असतो. हे आमच्या किचनमध्ये नव्या मुलाला पहिल्याच दिवशी सांगितलं जातं. सात्यांच्या बाबतीत नियम त्याहून कडक आहे. ओळखीच्या, वर्षानुवर्षं वेचणाऱ्या बाईनं आणलेल्याच घ्यायच्या. अनोळखी माणूस कितीही स्वस्त देत असला तरी परत पाठवायचा. चुकीच्या अळिंबीनं माणूस दगावतो.

म्हणून पावसाळ्यात आम्ही दार बंद करत नाही. तेव्हा आमचा पाहुणा बदलतो. वसाहतीतले, चंद्रपूर शहरातले, बल्लारपूरचे लोक खास रानभाज्यांचं ताट जेवायला येतात. ऑगस्टमध्ये जागतिक आदिवासी दिनाच्या आसपास कृषी विभागाचे रानभाजी महोत्सव भरतात. तिथे जाऊन मी दरवर्षी नव्या वेचणाऱ्या बायकांशी ओळख करून घेते. या तीन महिन्यांत नफा फारसा होत नाही. पण किचन या तीन महिन्यांत जे शिकतं त्यावर पुढचे नऊ महिने चालतात. सातत्यानं काम मिळाल्यानं माणसंही टिकतात, त्याबद्दल पुढे.

४. वेचणाऱ्याच्या हातात त्याच दिवशी पैसे

हॉटेलच्या धंद्यात उधारीवर माल उचलण्याची रीत आहे. किराणा, गॅस, भाजी, सगळं महिन्यावर. मोठ्या व्यापाऱ्याला ते परवडतं. पहाटे अंधारात मोहाची फुलं वेचणाऱ्या बाईला ते परवडत नाही. मार्च-एप्रिलमध्ये मोह गळतो तेव्हा घरच्या घर रानात असतं, आणि या भागात रानात असणं म्हणजे वाघाच्या वाटेवर असणं. ती टोपली घेऊन येते तेव्हा तिच्या कामात जिवाची जोखीम आहे हे लक्षात ठेवून भाव ठरवायला हवा.

मी दोन गोष्टी पाळते. मोजलं की लगेच रोख. आणि झाडाखाली जाळी अंथरून वेचलेल्या स्वच्छ फुलांना जास्त भाव. फुलं दिसावीत म्हणून झाडाखालचा पालापाचोळा जाळायची जुनी सवय आहे आणि तिच्यामुळे उन्हाळ्यात वणवे लागतात. उपदेश करून ती सवय जात नाही. जाळीवरच्या फुलांना किलोमागे चार पैसे जास्त मिळाले की बरीच घरं आपणहून जाळी लावतात, हे मी पाहिलं आहे.

२००६ च्या वनहक्क कायद्यानं गौण वनोपजावर ग्रामसभांचा हक्क मान्य केला. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि बांबू स्वतः विकून त्या गावानं तो हक्क कामाचा आहे हे दाखवून दिलं. हॉटेलवाल्यांनी हा कायदा वाचायला हवा असं माझं ठाम मत आहे. मोह, चारोळी, मध, वास्ते कुणाकडून घ्यायचे, कुठलं क्षेत्र ग्रामसभेचं आणि कुठलं राखीव, हे कळलं तर आपण नकळत चोरीचा माल घेत नाही. आम्ही शक्यतो बचतगटाकडून किंवा ग्रामसभेकडून घेतो आणि पावती मागतो. सुरुवातीला पावती मागितली की बायका हसायच्या. “ताई, सांबाराचीबी पावती लागते का जी?” आता त्या स्वतःच पावतीपुस्तक घेऊन येतात.

५. रानातलं मांस मागणाऱ्याला उठवा

हे मोजक्या शब्दांत, कारण यात चर्चेला जागा नाही. “काही स्पेशल मिळेल का?” असं दबक्या आवाजात विचारणारे पाहुणे येतात. त्यांना रानडुक्कर हवं असतं, ससा हवा असतो, तितर हवा असतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं हे गुन्हे आहेत. पण कायदा बाजूला ठेवला तरी ज्या जंगलावर आपलं पोट आहे त्याचाच जीव विकायचा, हे मला घाण वाटतं. पाहुणा ओळखीचा असो, अधिकारी असो, मोठं बिल करणारा असो, आम्ही नाही म्हणतो, आणि पुन्हा विचारलं तर त्या टेबलाची ऑर्डर घेत नाही. वेटरला हा अधिकार आहे. त्याला मला विचारायला यावं लागत नाही.

६. पेल्यावर उभं राहिलेलं हॉटेल पडतं

१ एप्रिल २०१५ ला चंद्रपूर जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली. शेजारच्या गडचिरोलीत ती १९९३ पासून आहेच. २०२१ च्या मे महिन्यात मंत्रिमंडळानं चंद्रपूरची बंदी उठवली. मधली सहा वर्षं जिल्ह्यातल्या हॉटेल व्यवसायाची कसोटी होती. कारण उघड आहे. जेवणात कच्चा माल, इंधन, मजुरी जाऊन हाती थोडं उरतं, आणि दारूच्या पेल्यात मेहनत नसतानाही बरंच उरतं. परमिट रूमच्या जिवावर जेवण स्वस्त ठेवणारी जी हॉटेलं होती, त्यांचा एका दिवसात पाया गेला. काही बंद पडली, काहींनी लॉन केलं, काहींनी मंगल कार्यालय.

आम्ही तेव्हा दोन गोष्टी केल्या. जेवणाची किंमत तिच्या खऱ्या खर्चावर बसवली. वाढली, पण लपवली नाही. आणि पेयांवर मेहनत घेतली. बेलाचं सरबत, जांभळाचा रस, कैरीचं पन्हं, पुदिना-जिऱ्याचं ताक, गवती चहा घातलेलं लिंबूपाणी. चंद्रपूरचा उन्हाळा ४७-४८ अंशांपर्यंत जातो. दुपारच्या सफारीहून आलेल्या माणसाच्या हातात थंड बेलाचं सरबत दिलं की तो काय म्हणतो ते ऐकण्यासारखं असतं. या पेयांना जेवणातल्या पदार्थांशी जुळवून वाढायला आम्ही तेव्हा शिकलो. सात्यांच्या रश्शाबरोबर ताक, कोहळ्याच्या बोंडाबरोबर आल्याचा कोरा चहा.

त्या काळात एक बदल मी डोळ्यांनी पाहिला. संध्याकाळी बायका बायकांच्या घोळक्यानं जेवायला येऊ लागल्या. शिक्षिका, परिचारिका, वसाहतीतल्या गृहिणी, भिशीचे गट. आधी त्या येत नव्हत्या. बंदीनं गावातली दारू थांबली का, हा वेगळा आणि वादाचा विषय आहे, चोरटी दारू सगळ्यांनी पाहिली. पण हॉटेलच्या हॉलपुरतं सांगते, तिथलं वातावरण बदललं. बंदी उठल्यावर अनेकांनी लगेच परवाने नव्यानं घेतले. मी घेतला नाही. आज आमच्या सायंकाळच्या टेबलांपैकी मोठा हिस्सा बायकांनी आरक्षित केलेला असतो आणि तो मला गमवायचा नाही. दुसऱ्या कुणी परवाना घेतला तर तो त्याचा निर्णय, मात्र जेवणानं स्वतःचा खर्च स्वतः काढला पाहिजे एवढं बघा.

७. किचनची माणसं रात्री सुखरूप घरी पोचली की दिवस संपतो

हॉटेलच्या मालकाला लोक विचारतात की मेन्यू कसा ठरवता. माझ्या मते त्याआधी विचारायला हवं की तुमची भांडी घासणारी बाई रात्री घरी कशी जाते.

ऊर्जानगर-दुर्गापूरचा हा पट्टा वीज केंद्र, कोळसा खाण आणि ताडोब्याचं बफर यांच्यामध्ये आहे. झुडपं माजलेल्या मोकळ्या जागांत बिबटे राहतात, वाघही येतात. २०२२ च्या फेब्रुवारीत या परिसरात एका पाठोपाठ दोन बळी गेले. कामावरून परतणारा एक कामगार वाघाच्या हल्ल्यात, तर एक शाळकरी मुलगा बिबट्याच्या. तेव्हापासून वसाहतीतल्या संध्याकाळी बदलल्या. आम्ही रात्रीची शेवटची ऑर्डर लवकर घेतो, फलकावर ती वेळ मोठ्या अक्षरांत लिहिली आहे, आणि शेवटचा पाहुणा गेल्यावर सगळ्यांना गाडीनं दारापर्यंत सोडतो. सायकलनं, पायी कुणी जात नाही. गाडीचं डिझेल, चालकाचा पगार हा माझ्या दृष्टीनं गॅससारखाच किचनचा खर्च आहे.

दुसरी गोष्ट खरकट्याची, आणि ही इथल्या प्रत्येक हॉटेल, धाबा, मंगल कार्यालयानं वाचावी. मागच्या दाराशी टाकलेलं अन्न आधी डुकरं आणि कुत्री आणतं, आणि त्यांच्या मागे बिबट्या येतो. आमच्याकडे दिवसभराचं खरकटं झाकणाच्या पिंपात राहतं, अंधार पडण्याआधी त्याची एक फेरी जाते आणि रात्रीचं खरकटं कुलूपबंद खोलीत ठेवलं जातं. हाडं, मासळीची घाण वेगळी. भाजीचा कचरा खताच्या टाक्यात. विठ्ठल कामतांनी १९९७ मध्ये मुंबईत विमानतळाजवळ ‘ऑर्किड’ सुरू केलं आणि पर्यावरण जपणारं पंचतारांकित हॉटेल आपल्याकडे चालू शकतं हे दाखवलं. मी शिकत असताना त्याची उदाहरणं वर्गात दिली जात. मुंबईत कचऱ्याचं नियोजन हा पर्यावरणाचा विषय असेल. ताडोब्याच्या दाराशी तो शेजारच्या घरातल्या लेकरांच्या जिवाचा विषय आहे.

माणसं टिकण्याबद्दल. मूल, सावली, सिंदेवाहीकडची पोरं इथे शिकतात आणि पुण्याला, गोव्याला, आखाताला जातात. जाऊ द्यावीत. पण काही जण थांबतात, आणि का थांबतात ते मी नीट पाहिलं आहे. पगार ठरल्या तारखेला. आठवड्याची सुट्टी खरीच सुट्टी. स्टाफचं जेवण पाहुण्यांच्या आधी आणि उरलेल्यातलं नाही, त्यांच्यासाठी वेगळं रांधलेलं. टिपचा डबा एक, वाटणी सगळ्यांत, भांडीवाल्या मावशींसह. आमच्या मुख्य स्वयंपाकीण काकू गडचिरोलीकडच्या. त्यांनी कुठल्या संस्थेत शिक्षण घेतलं नाही, पण वास्ते किती उकळायचे हे त्या वासावरून सांगतात. मुंबईहून आलेल्या शेफला जो पगार मिळाला असता तो त्यांना मिळतो आणि पाहुण्यांनी विचारलं की त्या बाहेर येऊन नमस्कार घेतात. पहिल्यांदा त्या यायला तयार नव्हत्या. आता परदेशी पाहुण्यांना त्या मराठीतूनच समजावतात आणि ते समजतंही.

८. भांडी शेजारच्या गावची

लहान मुद्दा, पण मला जवळचा. भद्रावतीच्या ग्रामोदय संघानं मातीकामाची मोठी परंपरा उभी केली. कृष्णमूर्ती मिरमिरा यांच्यासारख्या गांधीवादी माणसानं त्यासाठी आयुष्य वेचलं. आमचे वाडगे, कुल्हड, लोणच्याच्या बरण्या भद्रावतीकडच्या कारागिरांनी केलेल्या आहेत. दिवे आणि ट्रे बांबूचे. चिचपल्लीला बांबू संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र आहे, तिथे शिकलेल्या हातांचं काम आता या भागात सहज मिळतं. बोन चायनाच्या बशीपेक्षा मातीच्या वाडग्याचा टवका लवकर उडतो, हे खरं. पण कालवण त्यात जास्त वेळ गरम राहतं.

९. सणाचं ताट आणि निवृत्तीचं ताट

सुरुवातीपासून माझी नजर पर्यटकांवर होती, कारण जास्त पैसे तेच देतात. पण पर्यटक एकदा येतो. वसाहतीतलं कुटुंब वर्षातून चार वेळा येतं आणि पुढच्या पिढीलाही आणतं. त्यांच्यासाठी वेगळा विचार करावा लागतो. त्यांना गोळाभाताचं अप्रूप नसतं, तो त्यांच्या घरी होतो. त्यांना हवा असतो मान, स्वच्छ जागा, न ओरडता होणारी सेवा आणि घरच्या बाईला एक दिवस किचनपासून सुटका.

वीज केंद्राच्या वसाहतीत महिन्याच्या शेवटच्या दिवशी कुणी ना कुणी निवृत्त होत असतं. आयुष्यभर पाळ्या केलेला माणूस, बायको, मुलं, सुना, नातवंडं, सोबतीला पाळीतले चार मित्र. या ताटांची मी सगळ्यात जास्त काळजी घेते. आधी घरी फोन करून विचारते की काकांना काय आवडतं. कुणाला रात्रपाळीहून आल्यावर मिळणारी उकडपेंडी आवडत असते, कुणाला वडाभात. तो पदार्थ त्या दिवशी मेन्यूत नसला तरी होतो, आणि पहिलं ताट त्यांच्या बायकोपुढे ठेवलं जातं. रात्रपाळीच्या माणसाचं घर तिनं सांभाळलेलं असतं. १९८३ मध्ये इथला पहिला संच सुरू झाला, तेव्हा लागलेली पिढी कधीच घरी गेली. पहिले दोन संच बंद झाले, पुढे ५०० मेगावॅटचे दोन नवे आले, आज केंद्राची क्षमता २९२० मेगावॅट आहे. हा सगळा इतिहास मला आकडेवारीच्या आधी या टेबलांवर ऐकायला मिळाला.

फ्लॉइड कार्डोझांच्या ‘तबला’मध्ये वर उंची जेवणाचा हॉल होता आणि खाली ‘ब्रेड बार’, जिथे साधं, घरगुती जेवण कमी पैशांत मिळे. ही रचना मला शहाणपणाची वाटते. आमच्याकडेही दुपारी साधं ताट असतं, कंत्राटी कामगारालाही परवडेल असं, आणि रात्री आठ पदार्थांचं जेवण. तांदूळ तोच, डाळ तीच, काकूंचा हात तोच.

१०. हिशेब रोज रात्री

कच्च्या मालाचा खर्च विक्रीच्या ३० ते ३५ टक्क्यांत बसला पाहिजे, हा या धंद्यातला जुना दंडक आहे आणि तो खरा आहे. रानातला माल वापरला की दर आठवड्याला बदलतो, म्हणून महिन्याच्या हिशेबावर विसंबता येत नाही. केओटी, म्हणजे किचनला गेलेल्या ऑर्डरच्या चिठ्ठ्या, आणि गल्ला रात्रीच जुळवायचा. आणि नोव्हेंबर २०१७ पासून आपल्यासारख्या हॉटेलांना ५ टक्के जीएसटी आहे, पण खरेदीवर भरलेल्या कराची वजावट नाही. नवीन भट्टी, फ्रीज, एक्झॉस्ट घेताना त्यांच्या किमतीत तो कर धरूनच ठरवा.

संकटासाठी किमान तीन महिन्यांचे पगार बाजूला हवेत. २५ मार्च २०२० हा देशातल्या टाळेबंदीचा पहिला दिवस. त्याच दिवशी फ्लॉइड कार्डोझ कोरोनानं अमेरिकेत गेले. आमचा हॉल बंद झाला, पण वीज केंद्र बंद नव्हतं. पाळ्या चालू होत्या, कामगारांना जेवण हवं होतं. आम्ही डबे सुरू केले: भाकर, वरण, भाजी, भात. फाइन डाइनचं किचन डबे करू लागलं म्हणून कुणाला कमीपणा वाटला नाही. त्या डब्यांनी माणसांचे पगार दिले, आणि त्यातले कितीतरी कामगार आज आपल्या कुटुंबासह संध्याकाळी टेबलावर बसतात.

११. आता तुम्हाला

चंद्रपूर किंवा गडचिरोलीत कुणी हॉटेल काढणार असेल तर आधी एक पूर्ण पावसाळा गावागावांत जेवून घ्या. नागभीडचा भात, सावलीकडची मासळी, धानोऱ्याकडचे वास्ते, सिंदेवाहीची अंबाडी. काय आवडलं ते लिहा, कुणी रांधलं त्यांची नावं लिहा. मग जागा बघा. तांदूळवाल्या शेतकऱ्यांची, मोह आणि चारोळी देणाऱ्या गटांची, भद्रावतीच्या कारागिरांची माझ्याकडे यादी आहे. दुपारी तीन ते पाच मी हॉटेलात मोकळी असते. या, जेवा आणि यादी घेऊन जा.